गायकबदल आणि वाद्यवृंदाची नादघडण

'हेवी मेटल' हा संगीतप्रकार वर्धा जिल्ह्यातील विद्यार्थ्यांच्या कानावरचा असला, तरी अध्यापकवर्गात तो बहुधा 'गोंगाट' या एका शब्दात निकाली निघतो. त्यामुळे गायक बदलला की वृंदात नेमके काय बदलते, हा प्रश्न विचारलाच जात नाही. प्रस्तुत लेखात ब्लॅक सॅबथ या इंग्लिश वृंदाच्या आधारे त्याचा विचार केला असून किर्लोस्कर नाटक मंडळीचा दाखला सोबत घेतला आहे.

बर्मिंगहॅम येथे १९६८ मध्ये स्थापन झालेल्या या वृंदाचा नाद गिटारवादक टोनी आयोमी यांच्या हातातून घडला. कारखान्यातील अपघातात त्यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली होती. डावखुरे असल्याने तारा दाबण्याचा हात तोच. बोटांवर टोप्या चढवून ते वाजवू लागले. तारा हलक्या घेतल्या, पुढे त्यांचा स्वरही उतरविला. त्यांच्या रचनेचा कणा म्हणजे रिफ, अर्थात पुनःपुन्हा येणारा लहानसा स्वरसमूह. गायक ऑझी ऑस्बोर्न अनेकदा हा रिफच गळ्यातून म्हणत. 'आयर्न मॅन' (१९७०) या गीतात कंठ आणि गिटार जवळजवळ एकाच वाटेने चालतात.

१९७९ मध्ये ऑस्बोर्न यांना वगळण्यात आले व रॉनी जेम्स डिओ आले. 'हेवन अँड हेल' (१९८०) या ध्वनिमुद्रिकेत डिओ रिफच्या मागे जात नाहीत. त्यावरून आडवी, स्वतंत्र चाल बांधतात. शीर्षकगीताच्या कडव्यांत तर गिटार मागे सरते आणि बास व ड्रमच्या ठोक्यांवर आवाज एकटा उभा राहतो. गीतलेखनही बासवादक गीझर बटलर यांच्याकडून डिओ यांच्याकडे गेले. म्हणजे बदल केवळ आवाजाच्या जातीचा नव्हता, रचनेचाच होता. डिओ जुनी गीते गात तेव्हा ती काहीशी उपरी वाटत, ती याचमुळे.

मराठी रंगभूमीस हा अनुभव अपरिचित नाही. भाऊराव कोल्हटकर १९०१ मध्ये निवर्तले. १९०५ मध्ये नारायणराव राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, किर्लोस्कर मंडळीत आले. साकी-दिंडीच्या वळणाने वाढलेले नाट्यपद 'मानापमान'मध्ये (१९११) गोविंदराव टेंबे यांच्या चालींमुळे ठुमरीच्या अंगाने फुलू लागले. असा विस्तार पेलणारा गळा हाताशी नसता, तर त्या चाली कितपत उभ्या राहिल्या असत्या, याविषयी शंका वाटते. पुढे याच मंडळीत दीनानाथ मंगेशकर आले आणि पदांत आक्रमक तान शिरली. मात्र 'सौभद्र'सारखी जुनी नाटके नवे गळेही गातच राहिले. पदांचा साठा पिढीजात होता, मेटलवृंदास तशी सोय नसते.

नावाचा प्रश्न दोन्हीकडे उद्भवला. १९१३ मध्ये बालगंधर्व टेंबे व गणपतराव बोडस यांच्यासह बाहेर पडले आणि 'गंधर्व नाटक मंडळी' उभी राहिली. इकडे डिओ यांनी १९८२ मध्ये वृंद सोडला. २००६ मध्ये आयोमी, बटलर व डिओ पुन्हा एकत्र आले, तेव्हा त्यांनी ब्लॅक सॅबथ हे नाव घेतले नाही. १९८० च्या त्या ध्वनिमुद्रिकेचे नाव घेतले.