प्रारंभीच्या मुद्रित संगीतातील कोरीव सजावट : तंत्र आणि परंपरा

प्रस्तावना :
अर्नाळा किल्ला १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतला व नव्याने बांधला. त्याच्या महादरवाजावर हत्ती व वाघ यांची शिल्पे आणि देवनागरी शिलालेख एकत्र आढळतात. छिन्नीच्या दृष्टीने अक्षर आणि चित्र ही एकाच जातीची कामे होत. युरोपातील प्रारंभीच्या छापील संगीतातील सजावट समजून घेण्यास हे उदाहरण उपयुक्त ठरते. ही सजावट मुद्रणतंत्रातून कशी आली आणि मराठी संगीतग्रंथांत ती मागे का पडली, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

तांब्याचा पत्रा व स्वर :
१५०१ मध्ये व्हेनिस येथे पेत्रुची याने सुट्या खिळ्यांनी संगीत छापले. खिळ्यांचा उंच भाग शाई घेतो. त्यामुळे त्यांच्यासोबत उठावाचे लाकडी ठसेच छापता येत. तांब्याच्या कोरीव पत्र्याची रीत याच्या उलट आहे. त्यात शाई खाचेत भरतात, पृष्ठभाग पुसून घेतात आणि ओलसर कागद रुळांखाली दाबतात. पाच रेषा, स्वरचिन्हे, गीताची अक्षरे आणि वेलबुट्टी हे सर्व एकाच पत्र्यावर उलटे कोरता येत असल्याने चित्रासाठी वेगळी छपाई करावी लागत नसे.

१५८४ मध्ये अँटवर्प येथे यान साडेलर याने मार्टिन द व्होस याच्या चित्रावरून केलेल्या कोरीव कामात प्रत्यक्ष गाता येईल असे संगीत चित्रातच अंतर्भूत आहे. १५८६ मध्ये रोम येथे व्हेरोव्हिओ याने कोरीव संगीतग्रंथ प्रसिद्ध केला. लंडनमध्ये १६१३ च्या सुमारास विल्यम होल याने कोरलेल्या ‘पार्थेनिया’च्या मुखपृष्ठावर व्हर्जिनल हे वाद्य वाजविणारी स्त्री दिसते. पुढे अठराव्या शतकात स्वरचिन्हे मऊ धातूच्या पत्र्यावर ठशांनी ठोकली जाऊ लागली आणि सजावट मुख्यतः मुखपृष्ठापुरती उरली. एकच नक्षीदार चौकट ठेवून मधले शीर्षक बदलण्याची काटकसरही प्रकाशक करीत. म्हणून केवळ चौकटीवरून ग्रंथाचा काळ ठरविणे धोक्याचे ठरते.

महाराष्ट्रातील वेगळी वाट :
ताम्रपत्र कोरून छापण्याची कला महाराष्ट्रास अपरिचित नव्हती. नाना फडणीसांच्या काळात पुण्यात सुरू झालेल्या या प्रयत्नातून पुढे १८०५ मध्ये मिरज येथे भगवद्गीता छापली गेली. गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये मुंबईत शिळाप्रेसवर पंचांग छापले. शिळेवरही अक्षर व चित्र एकत्र काढता येते. युरोपात तर झेनेफेल्डर याने १७९६ च्या सुमारास दगडावरील छपाईचा उपयोग संगीत छापण्यासाठीही केला होता.

तथापि मराठीत छापील स्वरलेखन रुजले ते अक्षररूपाने. भातखंडे यांच्या पद्धतीत मंद्र स्वराखाली व तार स्वरावर बिंदू, कोमल स्वराखाली आडवी रेघ आणि तीव्र मध्यमावर उभी रेघ असते. ही चिन्हे देवनागरी खिळ्यांच्या जुळणीत सामावणारी होती. विष्णु दिगंबर पलुसकरांनी तर स्वतःचा छापखानाच चालविला. अल्प खर्चात संगीत विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचले, हा या पद्धतीचा मोठा लाभ होय. मात्र स्वर आणि चित्र यांचा पानावरील सहवास तिला आवश्यक राहिला नाही. चित्रास जागा उरली ती प्रामुख्याने मुखपृष्ठावर.

निष्कर्ष :
सजावट मुखपृष्ठावर एकवटली की ग्रंथाचे मुखपृष्ठ हाच तिचा मुख्य पुरावा ठरतो. जुन्या ग्रंथांची नव्याने बांधणी करताना नेमके तेच पान फेकले जाते. ग्रंथालयांनी बांधणीपूर्वी मुखपृष्ठाचे छायाचित्र घ्यावे, मूळ पान आत बांधून ठेवावे आणि नोंदीत मुद्रणपद्धतीचा उल्लेख करावा. वसई-अर्नाळा परिसरातील ख्रिस्ती समाजात पाश्चात्त्य वाद्यवादनाची परंपरा आहे. तेथील घरांमध्ये व चर्चमध्ये जुने स्वरलिपीचे कागद असल्यास विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांतून त्यांचीही नोंद करता येईल. कागदावर पत्र्याच्या कडेची दबलेली खूण आहे का, एवढे पाहिले तरी तो तांब्यावरून छापला की खिळ्यांवरून, याचा पहिला अंदाज बांधता येतो.