सालाखालची अळंबी : बोडा

गडचिरोलीलगतच्या बस्तर भागातील सालवनांत पावसाळ्याच्या आरंभी मातीत अर्धवट दडलेली, गोटीसारखी वाटोळी अळंबी मिळते. तीस तेथे ‘बोडा’ म्हणतात. तिचे तंतू सालाच्या मुळांस वेढून त्यांना पाणी व क्षार पुरवितात आणि झाडाकडून साखर घेतात. म्हणून ती सालाखाली शोधावयाची.

परंतु केवळ झाड ओळखून भागत नाही. प्रत्येक बोडा उभा चिरून पाहावा. कोवळ्या बोड्याचा गर एकसारखा पांढरा असतो. गर काळवंडलेला असल्यास टाकून द्यावा. आत छत्री व दांडा यांची आकृती दिसल्यास ते विषारी अळंबीचे कोवळे रूप असू शकते.

शिजविताना नाणे काळे पडले नाही, म्हणजे अळंबी निर्विष, हा समज खोटा आहे. शिक्षकबंधुभगिनींनी तो मुलांच्या मनातून काढावा, आणि जाणत्याने पारखल्याविना कोणतीही अळंबी चाखू नये, हे त्यांच्या मनावर ठसवावे.