गोव्याहून कोलकात्याला, गोव्यातल्या गोव्यात

फातोर्ड्याच्या स्टेडियमवर फुटबॉलचा सामना बघायचा तर मी मधल्या रेषेसमोर, जमेल तितक्या वरच्या रांगेत बसतो. तिथून गोलजाळी लांब पडते, पण मधली फळी पूर्ण दिसते. २०१८ नंतरच्या दोन हंगामांत एफसी गोवाच्या सामन्याला सगळं स्टेडियम स्ट्रायकर कोरोमिनासच्या गोलसाठी यायचं. मी त्या गर्दीत बसून बराचसा वेळ मिडफिल्डर लेनी रॉड्रिग्जकडे बघत असे.

बघायला काय असायचं? चेंडू आपल्या सेंटर बॅकच्या पायात आहे. लेनी त्याच्यापुढे दहा-पंधरा पावलांवर, प्रतिस्पर्ध्याच्या गोलकडे पाठ करून उभा. पास निघण्याआधीच त्याची मान वळते, एकदा या खांद्यावरून, एकदा त्या. चेंडू वाटेत असतानाही पुन्हा एक नजर मागे. पाठीवर कोणी येत असेल तर चेंडू पहिल्याच टचला जिथून आला तिथे परत. कोणी नसेल तर अंग आधीच अर्धं वळवून ठेवलेलं, चेंडू लांबच्या पायावर घेतलेला, आणि दुसऱ्या टचला तोंड पुढे. याला टाळी पडत नाही. पण हे चुकलं तर काय होतं ते अख्ख्या स्टँडला कळतं, कारण तिथून गोलपर्यंत अडवायला फक्त दोन बचावपटू उरलेले असतात.

प्रशिक्षक सर्जिओ लोबेराच्या त्या संघात ही जोखीम मुद्दाम पत्करलेली होती. डावीकडून मंदार राव देसाई नावाला फुलबॅक, बाकी सगळा विंगर. एकदा वर गेला की गेला. मधल्या फळीत लेनीचा जोडीदार मोरोक्कोचा अहमद जाहू. लांब पल्ल्याचे पास जाहूने फेकायचे, वाहवा त्याने घ्यायची, आणि तो पुढे सरकला की मागे पडलेलं भगदाड लेनीने राखायचं. चेंडू हातचा गेला रे गेला की प्रतिस्पर्ध्याचा पहिला पुढचा पास तोडायचा. तोडता येत नसेल तर मध्यरेषेजवळच फाऊल करायचा, तोही पिवळ्या कार्डाचा हिशेब ठेवून. या फाऊलला कोणी खिलाडूवृत्ती म्हणणार नाही. मी त्याला कसब म्हणतो.

२०१९ चा सुपर कप गोव्याने भुवनेश्वरला जिंकला, आणि २०१९-२० मध्ये इंडियन सुपर लीगच्या (आयएसएल) साखळीत पहिला येऊन एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत जाणारा पहिला भारतीय क्लब तो ठरला. गोवेकर लेनी घरच्या क्लबात, घरच्या मैदानावर. इथेच कायमचा राहील असं वाटण्यासारखे दिवस होते. तसं झालं नाही, आणि त्याआधीही कधी झालं नव्हतं.

२०१२-१३ ची आय-लीग, म्हणजे आयएसएलच्या आधीची देशातली अव्वल लीग, त्याने चर्चिल ब्रदर्सकडून जिंकली. विजेतेपदाला दोन वर्षंही झाली नाहीत तोच २०१४-१५ च्या हंगामाला चर्चिल परवान्याच्या अटींपायी लीगच्या बाहेर. मग आयएसएलमध्ये पुणे सिटी, आय-लीगसाठी मोहन बागान, नंतर बेंगळुरू, मग गोवा. ही यादी वाचून वाटावं, गडी एका जागी टिकत नाही. आपल्याकडच्या फुटबॉलमध्ये मात्र बहुतेक वेळा गडी टिकतो, क्लबच टिकत नाही. मुंबईचा महिंद्र युनायटेड २०१० मध्ये मालकांनी बंद केला, फगवाड्याच्या जेसीटीने २०११ मध्ये संघ मोडला. २०१६ मध्ये साळगावकर, स्पोर्टिंग आणि धेंपो या गोव्याच्या तीन संघांनी आय-लीग सोडली. प्रत्येक वेळी वीस-पंचवीस खेळाडू एका फटक्यात मोकळे होतात. त्यांतले नावाजलेले दोन-चार लगेच उचलले जातात. बाकीचे एजंटच्या फोनची वाट बघतात.

त्यातून २०१४ ते २०१७ ही वर्षं तर विचित्रच. पहिली आयएसएल १२ ऑक्टोबरला सुरू होऊन २० डिसेंबरला संपलीसुद्धा. उरलेल्या महिन्यांत आय-लीग. म्हणजे एकाच वर्षात दोन क्लब, दोन प्रशिक्षक, दोन ड्रेसिंग रूम. गोलरक्षकाला एक वेळ हे चालून जातं. गोलजाळी सगळीकडे तेवढीच असते. मिडफिल्डरचं तसं नाही. स्ट्रायकरला चेंडू पायात हवा की मोकळ्या जागेत, विंगर आत वळतो की बाहेरून पळतो, दबाव आला की आपला सेंटर बॅक पास देतो की सरळ उडवून लावतो, ही सगळी माहिती म्हणजेच त्याचा खेळ. संघ बदलला की ती पाटी कोरी. डोकं वर न करता द्यायचा पास बसायला निम्मा हंगाम जातो, आणि हंगामच जेमतेम दोन महिन्यांचा असेल तर बसतच नाही. त्या काळात अशा खेळाडूंच्या 'सातत्याच्या अभावा'वर बरंच लिहिलं गेलं. लिहिणाऱ्यांनी स्पर्धांचं वेळापत्रकही शेजारी ठेवायला हवं होतं.

लेनीच्या कारकिर्दीतली सगळ्यात अजब बदली झाली जानेवारी २०२१ च्या अखेरीस. कोविडमुळे तो अख्खा हंगाम गोव्यातच होता: फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोचं टिळक मैदान, एवढ्या तीन मैदानांवर सगळे संघ, सगळे इथल्याच हॉटेलांत बंदिस्त. ऐन हंगामात एफसी गोवा आणि एटीके मोहन बागान यांनी मिडफिल्डरांची अदलाबदल केली. लेनी तिकडे, ग्लॅन मार्टिन्स इकडे. दोघेही गोव्याचेच. कोलकात्याच्या क्लबात जाण्यासाठी लेनीला राज्याची हद्दसुद्धा ओलांडावी लागली नाही. मार्चमध्ये अंतिम सामनाही फातोर्ड्यालाच झाला, रिकाम्या स्टँडसमोर. त्याच्या नव्या क्लबाला मुंबई सिटीने २-१ असं हरवलं, आणि मुंबईचा प्रशिक्षक होता लोबेरा. मधल्या फळीत जाहूही मुंबईचाच.

२०२३ मध्ये लोबेराने ओडिशा एफसी हाती घेतली, तेव्हा जाहू तिथे गेला आणि लेनीही. आपल्याकडे प्रशिक्षकाने दुसऱ्या क्लबात गेल्यावरही जुना मिडफिल्डर घ्यावा, यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र मला माहीत नाही. गोलांचा आकडा पाहून हे कळत नाही. या जागेवर खेळणाऱ्याच्या नावापुढे गोल फारसे लागतच नाहीत.

गडी टिकतो, क्लब टिकत नाही, हे मात्र अजून तसंच आहे. २०२५ च्या जुलैमध्ये आयएसएलच्या संयोजकांनी नवा हंगामच लांबणीवर टाकला. भारतीय फुटबॉल महासंघाबरोबरचा त्यांचा करार डिसेंबरमध्ये संपत होता आणि पुढचा ठरत नव्हता. काही क्लबांनी सराव थांबवला, बेंगळुरूने पगारही रोखले. लेनी ज्या पुणे सिटीकडून खेळला तो क्लब तर २०१९ मध्येच मिटला होता. त्याच्या जागी हैदराबादचा संघ आला, आणि २०२५ मध्ये तो हलून दिल्लीचा झाला. महाराष्ट्राकडे आयएसएलमध्ये आता मुंबई सिटी हा एकच संघ आहे.