पोलादाचं अंतरंग – लेखांक 6 : न लांबलेला रूळ

मागच्या आठवड्यात आपण अक्षीय लांबीबदलाचं सूत्र पाहिलं. दांडी सरळ रेषेत ओढली तर किती लांबेल? बल गुणिले लांबी, भागिले छेदाचं क्षेत्रफळ आणि यंगचा गुणांक. पोलादासाठी हा गुणांक दर चौरस मिलिमीटरला सुमारे 2 लाख न्यूटन. सूत्र एवढं सरळ आहे की त्यातून एक चुकीची समजूत मनात घर करते : जे लांबलं नाही, त्यात बल नाही. विद्यार्थी असताना मीही बराच काळ तसंच धरून चाललो होतो. रेल्वेच्या रुळानं ती समजूत मोडली.

पूर्वी 13 मीटरचे रूळ फिशप्लेटनं जोडत आणि सांध्यात फट ठेवत. गाडीची खटखट त्या सांध्यांची. आता रूळ वेल्डिंगनं सलग केलेले असतात, किलोमीटरच्या किलोमीटर फट नाही. मग उन्हाळ्यातली वाढ जाते कुठे?

तापमान एका अंशानं वाढलं की पोलाद दर मीटरला सुमारे 0.012 मिलिमीटर वाढतं. मोकळा पडलेला 1 किलोमीटरचा रूळ 30 अंशांनी तापला तर 36 सेंटिमीटर लांबेल. पण मार्गातला रूळ मोकळा नसतो. क्लिपांनी तो स्लीपरला जखडलेला असतो आणि स्लीपर खडीत रुतलेले असतात. म्हणून असं समजा, की रूळ आधी मोकळेपणी वाढू दिला आणि मग दोन्ही टोकांनी दाबून पुन्हा मूळ लांबीवर आणला. त्यासाठी किती बल लागेल? तेच सूत्र उलट्या बाजूनं मांडा. मीटरला 60 किलो वजनाच्या रुळाचा छेद सुमारे 77 चौरस सेंटिमीटर असतो. उत्तर येतं साधारण 55 टन, तेही एकाच रुळाचं.

या गणितात लांबी वर आणि खाली दोन्हीकडे येते आणि कटून जाते. सलग रूळ 1 किलोमीटरचा असो वा 20 किलोमीटरचा, दाब तेवढाच. मला हे पहिल्यांदा उमगलं तेव्हा वही मिटून मी कितीतरी वेळ नुसता बसून राहिलो होतो.

टोकांची गोष्ट मात्र निराळी. टोकाला अडवणारं काही नसल्यानं तिथला रूळ सरकतो. आत जावं तशी खडीची पकड मीटरामागे मीटर साठत जाते आणि ढोबळमानानं शंभरेक मीटरवर ती पूर्ण दाबाला पुरी पडते. त्यापलीकडे रूळ जागचा हलत नाही. सरकणाऱ्या टोकासाठी तिथे खास प्रसरण-सांधा बसवतात.

55 टनांनी रूळ चिरडत नाही. दर चौरस मिलिमीटरला हे जेमतेम 72 न्यूटन होतात, पोलाद ते सहज सोसतं. धोका आहे तो बाजूला निसटण्याचा. लांब, सडपातळ वस्तू दाबली की तिला वाकून सुटका हवी असते. रुळाचं असं बकलिंग झालं तर मार्ग नागमोडी होतो आणि गाडी घसरू शकते. थंडीत उलटं घडतं : रूळ आखडू पाहतो, आत ताण येतो आणि कमजोर वेल्ड तुटू शकतो.

म्हणून रूळ एका मधल्या तापमानाला ताणरहित करून बसवतात. काम त्याहून गार वेळी आलं तर? समजा रूळ 10 अंशांनी कमी तापलेला आहे आणि लांबी 500 मीटर. क्लिपा काढून रूळ रोलरवर मोकळा करतात आणि हायड्रॉलिक यंत्रानं 60 मिलिमीटर ओढतात. त्याला 19 टनांच्या आसपास बल लागतं. ताणलेल्या स्थितीतच वेल्डिंग होतं, क्लिपा बसतात. इथे मात्र आपलं मूळ सूत्र सरळच्या सरळ लागू पडतं, मिलिमीटरच्या हिशेबानं.

विदर्भातल्या मे महिन्यात दुपारी रूळ हवेपेक्षा पंधरा-वीस अंशांनी जास्त तापलेला असतो. त्या उन्हात गस्तीवरचा ट्रॅकमन रूळ सरळ आहे ना, खडी जागेवर आहे ना, हे पाहत चालतो. खडी उकरली की रुळाची बाजूची पकड ढिली होते. म्हणून अशी कामं शक्यतो तापलेल्या रुळावर काढत नाहीत, आणि काम झाल्यावरही खडी गाड्यांच्या वजनाखाली पुन्हा घट्ट बसेपर्यंत त्या टप्प्यात गाडीचा वेग कमी ठेवतात.