शिडाच्या नौकेवरील अल्टरनेटर व बॅटरी स्विच : एक विवेचन

प्रस्तावना :
शिडाची नौका वाऱ्यावर चालते, हे खरे असले तरी आधुनिक नौकेवरील दिवे, रेडिओ, जीपीएस आणि स्वयंचलित सुकाणू ही साधने विजेवर अवलंबून असतात. गोव्यातील दिवाडी बेटावर बांधलेल्या 'म्हादेई' या नौकेतून कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने सागरी पृथ्वीप्रदक्षिणा केली. अशा प्रवासात वीज ही चैन नसून सुरक्षिततेची अट असते. या विजेची निर्मिती करणारा अल्टरनेटर आणि तिचे वाटप ठरविणारा बॅटरी स्विच यांचा परस्परसंबंध स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

अल्टरनेटरचे कार्य :
मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये शोधलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचे तत्त्व येथे वापरले जाते. इंजिनाच्या पट्ट्याने रोटर फिरतो. रोटरच्या वेटोळ्यातून जाणाऱ्या प्रवाहामुळे चुंबकीय क्षेत्र निर्माण होते आणि सभोवतालच्या स्थिर वेटोळ्यांत प्रत्यावर्ती प्रवाह उत्पन्न होतो. डायोड त्याचे एकदिश प्रवाहात रूपांतर करतात. नियामक रोटरचा प्रवाह कमीअधिक करून विद्युतदाब सुमारे १४.४ व्होल्टपर्यंत मर्यादित ठेवतो.

दोन बॅटऱ्यांची आवश्यकता :
इंजिन सुरू करण्यास काही सेकंदांपुरता फार मोठा प्रवाह लागतो. इतर साधनांना अल्प प्रवाह, पण दीर्घकाळ लागतो. समजा, सर्व साधने मिळून सरासरी ५ अँपिअर प्रवाह घेतात. २४ तासांत हा वापर १२० अँपिअर-तास होतो, म्हणजेच २४० अँपिअर-तासांच्या बॅटरीसंचाचा निम्मा साठा एका दिवसात संपतो. शिसे-आम्ल बॅटरी वारंवार यापेक्षा अधिक रिकामी केल्यास तिचे आयुष्य घटते. म्हणून इंजिनासाठी एक बॅटरी राखीव ठेवून इतर वापरासाठी स्वतंत्र संच बसविला जातो.

स्विचच्या चार स्थिती :
पारंपरिक स्विचवर 'एक', 'दोन', 'दोन्ही' आणि 'बंद' अशा चार स्थिती असतात. यांतील दोन स्थितींबाबत विशेष दक्षता घ्यावी लागते.

पहिली स्थिती 'दोन्ही' ही होय. नौका नांगरावर असताना स्विच या स्थितीत राहिल्यास दिव्यांबरोबर इंजिनाची राखीव बॅटरीही रिकामी होते. पहाटे वारा फिरून नौका खडकांकडे सरकू लागली, तर नेमक्या त्याच वेळी इंजिन सुरू होत नाही.

दुसरी स्थिती 'बंद' ही होय. अनेक जुन्या नौकांवर अल्टरनेटरची तार याच स्विचमधून बॅटरीकडे जाते. इंजिन चालू असताना स्विच 'बंद' केल्यास प्रवाहाचा मार्ग एकाएकी तुटतो. मात्र रोटरचे चुंबकीय क्षेत्र त्याच क्षणी नाहीसे होत नाही. परिणामी विद्युतदाब क्षणार्धात अनेक पटींनी उसळतो व डायोड जळतात. जोडलेली इलेक्ट्रॉनिक उपकरणेही निकामी होऊ शकतात. म्हणून चालू इंजिनावर 'एक'वरून 'दोन'वर जाताना स्विच 'दोन्ही' या स्थितीतूनच फिरवावा, 'बंद'मधून कधीही नाही. त्यासाठी जुना संपर्क सुटण्यापूर्वी नवा संपर्क जोडणारा स्विच असणे आवश्यक आहे.

पर्यायी रचना :
अल्टरनेटरचा प्रवाह फ्यूजमार्गे थेट वापराच्या संचाकडे नेणे, हा अधिक सुरक्षित उपाय होय. संच भारित होऊन त्याचा विद्युतदाब वाढला, की स्वयंचलित रिले इंजिनाची बॅटरी त्यास जोडतो व दाब घटताच ती विलग करतो. या रचनेत भारणाचा मार्ग माणसाच्या हातातील स्विचवर अवलंबून राहत नाही. लिथियम बॅटरी वापरल्यास मात्र वेगळी दक्षता हवी. तिची संरक्षक प्रणाली स्वतःहून जोडणी तोडते, तेव्हा अल्टरनेटरला तोच धोका पुन्हा संभवतो. शिवाय ही बॅटरी दीर्घकाळ मोठा प्रवाह खेचत असल्याने अल्टरनेटर अतितप्त होऊ शकतो.

निष्कर्ष :
वरील विवेचनावरून असे दिसते, की अल्टरनेटरच्या दृष्टीने बॅटरी ही केवळ साठवणूक नसून विद्युतदाब आवरणारा आधारही आहे. चालू यंत्राचा हा आधार तोडू नये आणि इंजिनाची राखीव वीज इतर कामांस वापरू नये, या दोन नियमांत या विषयाचे सार आहे. चुंबकीय क्षेत्रात साठलेली ऊर्जा वर्गात सूत्ररूपाने शिकविली जाते; तिचे प्रत्यक्ष परिणाम समजावण्यासाठी नौकेवरील हा साधा स्विच अध्यापकांना उपयुक्त उदाहरण ठरेल.