ऑर्डर येईपर्यंत

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा संपादक मंडळाचा निरोप आला तेव्हा मधुमेहावर लिहावे की रक्तदाबावर, या विचारात मी होतो. गेली अनेक वर्षे या दोहोंपैकी एका विषयावर मी लिहीत आलो आहे आणि आपण सर्वांनी ते लेख सौजन्यपूर्वक न वाचता बाजूला ठेवले आहेत, याची मला कल्पना आहे. त्याच संध्याकाळी वास्कोतील माझ्या दवाखान्यात एक तरुण आला. मूळचा डिचोली तालुक्यातला, मांगोर हिलवर बहिणीकडे राहणारा आणि एका गोदामात कंत्राटी काम करणारा. त्याला तंदुरुस्तीचा दाखला हवा होता. दोन वर्षांत हा त्याचा तिसरा दाखला.

"ऑर्डर आली का?" मी विचारले.

"यायची आहे, डॉक्टर. आली की लगेच कागद मागतात. तुम्ही दाखला करून ठेवा, फक्त तारीख घालू नका."

सरकारी नोकरीत रुजू होताना सरकारी वैद्यकीय तपासणी होतेच. तेथे माझ्या कागदाला काही किंमत नाही, हे त्यालाही ठाऊक होते. पण त्याच्या हातातील प्लास्टिकच्या फाईलमध्ये सारे तयार असावे, अशी त्याची इच्छा. पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला, रोजगार विनिमय केंद्राचे कार्ड, गुणपत्रिका, सारे कागद कोपरे न दुमडता लावलेले. ती फाईल पाहिली आणि यंदा मधुमेह राहू द्यावा, असे मी ठरवले.

गोव्यात 'ऑर्डर' या शब्दाचा अर्थ कोणाला सांगावा लागत नाही. मुलाची ऑर्डर आली की शेजारी पेढे जातात, मुलीची आली की सोयरीक जमते. न आल्यास ती 'यायची' असते. ती येणार नाही असे मात्र कोणी कोणाला सांगत नाही. आपल्याकडे सरकारी सेवेची वयोमर्यादा बहुतांश पदांसाठी ४५ वर्षांपर्यंत आहे. उमेदवारांच्या सोयीसाठी ठेवलेली ही तरतूद मला कधी कधी निष्ठुर वाटते. तिशीत सुटायला हवी ती आशा ती पंचेचाळिशीपर्यंत जिवंत ठेवते. या आशेचा व्यापार करणारेही असतात. २०२४ च्या उत्तरार्धात नोकरीचे आमिष दाखवून पैसे उकळल्याची प्रकरणे राज्यात एकामागून एक उघडकीस आली, तेव्हा दागिने गहाण ठेवून पैसे दिलेल्या कुटुंबांविषयी आपण सर्वांनी वाचले. दोन-तीन जणांना तर मी आधीपासून ओळखत होतो, रुग्ण म्हणून. छातीत धडधड, झोप नाही, जेवण नको. ईसीजी निर्दोष आणि थायरॉईडही निर्दोष. दागिने गेले आहेत, हे त्यांनी मला सांगितले नव्हते आणि मीही विचारले नव्हते.

विचारायला हवे होते, कारण हा आजार मला स्वतःला होऊन गेला आहे. साडेतीन दशकांपूर्वी एम.बी.बी.एस. होऊन इंटर्नशिप संपल्यावर मी वैद्यकीय अधिकाऱ्याच्या एका पदासाठी अर्ज केला. मुलाखत चांगली झाली. निवड दुसऱ्याची झाली आणि प्रतीक्षा यादीत मी पहिला आलो. चार महिन्यांत निवड झालेले गृहस्थ परदेशी निघून गेले. आता औपचारिकताच काय ती उरली, असे सर्वांनी सांगितले. फाईल 'वर' गेली होती. चवथीपूर्वी होईल, असे कळले. चवथ झाली, मग दिवाळीनंतर. दिवाळीनंतर निवडणुकीची आचारसंहिता लागली. आचारसंहिता उठली तोवर यादीची मुदत संपली होती आणि पद नव्याने जाहीर व्हायचे होते. ते झाल्यावर मी पुन्हा अर्ज केला. यात कोणाचा दुष्टावा होता, असे मला आजही वाटत नाही. कोणीही मला 'नाही' म्हटले नाही, एवढेच.

दरम्यान वास्कोत एक खोली भाड्याने घेऊन मी 'तात्पुरता' दवाखाना उघडला होता. दारावरची पाटी पुठ्ठ्याची होती. पत्र्यावर रंगवून घेण्यात अर्थ काय, आज ना उद्या जायचेच आहे! पावसाळ्यात अक्षरे ओघळत आणि मी ती पुन्हा गिरवीत असे. बाबा दुपारी पोस्टमनच्या वेळेला सोप्यावर येऊन बसत. तो पुढे निघून गेला की काही न बोलता आत जात. मावसभावाच्या बेळगावातील लग्नाला मी गेलो नाही, कारण नेमका त्याच दिवशी कॉल आला तर? ईसीजीचे यंत्र घेतले नाही, कारण ते घेऊन करायचे काय?

एका रात्री एक बंदर कामगार पोटाच्या वरच्या भागात दुखते म्हणून आला. थोडा घामेजलेला. गॅस झाला आहे, असे तोच म्हणाला आणि मीही ते मान्य केले. यंत्र असते तर निदान पट्टी काढून पाहिली असती. मी आम्लपित्ताचे औषध देऊन त्याला घरी पाठवले. दुसऱ्या दिवशी तो हृदयविकाराच्या झटक्याने रुग्णालयात दाखल झाल्याचे समजले. तो वाचला आणि पुढे अनेक वर्षे माझ्याकडेच येत राहिला. त्या रात्रीचा विषय त्याने एकदाही काढला नाही. मलाही तो काढण्याचे धैर्य झाले नाही. त्या आठवड्यात मी हप्त्यांवर ईसीजीचे यंत्र घेतले आणि पेंटरला बोलावून पत्र्याची पाटी करून घेतली. पद पुढे कोणाला मिळाले, याची चौकशी मी केली नाही.

नकारापेक्षा अनिश्चितता जास्त जाळते, हा अनुभव आता प्रयोगशाळेतही नोंदला गेला आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी २०१६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. ४५ स्वयंसेवकांना संगणकावरील खेळात दगड उलटायचे होते. खाली साप निघाल्यास हाताला विजेचा वेदनादायक झटका बसे. घाम आणि डोळ्यांच्या बाहुल्यांचा विस्तार यांवरून ताण मोजला गेला. झटका बसणारच, हे पक्के ठाऊक असलेल्यांपेक्षा ज्यांची शक्यता अर्धीअर्धी होती त्यांच्यावर ताण अधिक पडला. प्रतीक्षा यादीतील पहिला क्रमांक म्हणजे काय, हे मला तो शोधनिबंध वाचताना नव्याने कळले.

एक माणूस वाट पाहतो तेव्हा हे असे असते. आपण तर तालुकेच्या तालुके वाट पाहताना पाहिले आहेत. डिचोली-सांखळी भागातील खनिज मांडवीतून बार्जने मुरगावला येई. पावसाळ्यात मांडवीचे मुख वाळूने धोक्याचे झाले की कुंभारजुव्याच्या कालव्यातून झुआरीत उतरून येई. तिकडे खाण बंद झाली की इकडे बंदरातील हात रिकामे होणार, हे ठरलेलेच. १० सप्टेंबर २०१२ रोजी राज्य सरकारने खाणकाम स्थगित केले आणि ५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली. एप्रिल २०१४ मध्ये ती सशर्त उठली. ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले आणि मार्चच्या मध्यावर काम पुन्हा थांबले. खाणींनी डोंगरांचे, शेतांचे आणि विहिरींचे काय केले, हे मी विसरलेलो नाही. ते निकाल का लागले, हेही समजते. मी फक्त बाकावर बसलेल्या माणसांविषयी सांगतो आहे. ट्रक दारात उभा, कर्जाचे हप्ते चालू आणि खाण 'या हंगामात' सुरू होणार असल्याची बातमी दर हंगामात. दुसरा धंदा पहा, असे मी एका बार्जवरील खलाशाला सुचवले. तो म्हणाला, "पाहिला असता डॉक्टर, पण खाणी सुरू झाल्या आणि माझी जागा दुसऱ्याने घेतली तर?" मला माझी पुठ्ठ्याची पाटी आठवली.

व्हिएन्नाजवळच्या मारिएनथाल गावातील कापडगिरणी १९२९-३० च्या सुमारास बंद पडली तेव्हा मारी याहोदा आणि तिच्या सहकाऱ्यांनी त्या गावाचा अभ्यास केला. १९३३ साली तो प्रसिद्ध झाला. त्यांनी घड्याळ लावून रस्त्यावरील माणसांची चाल मोजली. बेकार पुरुष हळू चालत आणि वारंवार थांबत. मोकळा वेळ अमाप असूनही वाचनालयातून पुस्तके नेण्याचे प्रमाण घटले होते. बायका मात्र भराभर चालत, कारण चूल पेटवायची असे. स्वतंत्र पथावर संध्याकाळी उभे राहिल्यास हा अभ्यास आपल्यालाही करता येईल.

आपल्या पूर्वजांनीही वाट पाहिली, पण तिची त्यांनी व्यवस्था लावली होती. जहाजांवर काम करणारे गोव्याचे ख्रिस्ती तारवटी मुंबईत धोबीतलाव, माझगाव या भागांतील आपापल्या गावाच्या 'कुडां'त राहत. भाडे अगदी नाममात्र, भिंतीलगत प्रत्येकाची पेटी, रात्री जमिनीवर अंथरूण आणि तिन्हीसांजेला सर्वांनी मिळून म्हणायची रोझरी. पुढचे जहाज मिळेपर्यंत आठवडेच्या आठवडे माणसे तेथे काढीत. जहाज मिळेल की नाही, ही चिंता त्यांनाही होतीच. पण शेजारच्या पेटीवाल्याची चिंताही तीच होती आणि ती लपवण्याचे कारण नव्हते. माझ्याकडे येणारा तरुण रात्री दोन वाजता एकटाच मोबाईलवर निकालाचे पान उघडून पाहतो आणि सकाळी बहिणीला सांगतो की झोप छान लागली.

पेडण्यात मोपा विमानतळाची पायाभरणी नोव्हेंबर २०१६ मध्ये झाली. न्यायालयीन स्थगिती ओलांडून ५ जानेवारी २०२३ पासून तेथून विमाने सुटू लागली. एवढ्या वर्षांत पेडण्यातील बारावीची मुले पंचविशीला आली. त्यांतील काहींना तेथे काम मिळाले, ही आनंदाची गोष्ट. आता आमच्या तालुक्यातील दाबोळीचे टॅक्सीवाले माझ्याकडे येऊन विचारतात, "डॉक्टर, दाबोळी राहणार ना?" जणू काही ते प्रिस्क्रिप्शनवर लिहून देता येते.

तर तो तरुण. दाखल्याआधी मी त्याचा रक्तदाब पाहिला. १५०/१००. पंधरा मिनिटे बसवून पुन्हा पाहिला, तरी फारसा फरक नाही. वय ३१. झोप, जेवण यांविषयी विचारले. मग फाईल मिटायला सांगून, कोणाला पैसे दिले आहेत का, हेही विचारले. नाही म्हणाला. वडिलांनी देऊ केले होते, पण यानेच देऊ दिले नाहीत. कोणाशी बोलतोस का, या प्रश्नाला उत्तर द्यायला त्याला बराच वेळ लागला. बाहेर तीन रुग्ण ताटकळत होते. त्यांना त्या दिवशी ताटकळू दिले.

शेवटी दाखला लिहिला आणि त्या दिवसाची तारीख घातली.

"ही चालणार नाही, डॉक्टर. जुनी होईल."

"होऊ दे. जुनी झाली की ये, मी नवी घालीन. आणि रक्तदाब पाहायला दर पंधरा दिवसांनी ये, ऑर्डर येवो न येवो."

मागच्या महिन्यात तो येऊन गेला. रक्तदाब १३६/८६ होता. गोदामातील दोन मुलांबरोबर रोज सकाळी बायणाच्या किनाऱ्यावर चालायला जातो म्हणाला. तीही दोघे ऑर्डरचीच वाट पाहत आहेत. फाईल सोबत होती.