संयुक्त क्रियापद, मराठीतील

मुख्य क्रिया दाखविणारे धातुसाधित आणि त्यास जोडून येणारे सहायक क्रियापद या दोहोंनी मिळून जेव्हा एकाच क्रियेचा बोध होतो, तेव्हा त्या जोडीस संयुक्त क्रियापद असे म्हणतात. ‘तो जेवून गेला’ या वाक्यात जेवणे व जाणे अशा दोन वेगळ्या क्रिया असल्यामुळे ते संयुक्त क्रियापद नव्हे. उलट ‘दिवा विझून गेला’ या वाक्यात दिवा कोठेही गेलेला नसतो. तेथे ‘जाणे’ या क्रियापदाचा मूळ अर्थ लोपून केवळ क्रियेच्या पूर्णतेची छटा उरलेली असते, म्हणून ‘विझून गेला’ हे संयुक्त क्रियापद होय.

दादोबा पांडुरंग तर्खडकर (१८१४–८२) यांच्या १८३६ मधील व्याकरणापासून मराठी क्रियापदांची शास्त्रीय मांडणी सुरू झाली. मोरो केशव दामले यांच्या शास्त्रीय मराठी व्याकरण (१९११) या ग्रंथात त्यांचा अधिक सूक्ष्म विचार झालेला आहे. शालेय व्याकरणात मात्र संयुक्त क्रियापद या एकाच नावाखाली दोन भिन्न प्रकारच्या रचना एकत्र येतात. ‘वाचून टाकणे’, ‘बोलून बसणे’ यांतील सहायक क्रियापद क्रियेच्या स्वरूपाला छटा देते. त्यास येथे ‘रंजक’ म्हटले आहे. ‘वाचू शकणे’, ‘वाचावे लागणे’ यांतील सहायक क्रियापद शक्यता, परवानगी, कर्तव्य वा निषेध सांगते. त्यास येथे ‘अर्थदर्शक’ म्हटले आहे. हे दोन प्रकार एकाच वाक्यात एकत्र येऊ शकतात आणि त्या वेळी त्यांचा क्रम व परस्परसंबंध ठराविक नियमांनी बांधलेला असतो.

रंजक क्रियापदे : टाकणे, देणे, घेणे, ठेवणे, जाणे, बसणे, काढणे ही त्यांतील प्रमुख होत. ‘पत्र वाचून टाकले’ यात काम उरकल्याचा, ‘वाचून दिले’ यात दुसऱ्यासाठी केल्याचा, ‘वाचून घेतले’ यात स्वतःसाठी केल्याचा व ‘वाचून ठेवले’ यात पुढील उपयोगासाठी आधी केल्याचा भाव आहे. ‘बोलून गेला’ व ‘बोलून बसला’ यांत क्रिया कर्त्याच्या नकळत किंवा अविचाराने घडल्याचे सूचित होते. अशी रचना केवळ मराठीची नाही. कन्नडमधील ‘माडिबिडु’ या रूपाचा शब्दशः अर्थ ‘करून सोड’ असा असून त्याचा भाव मराठीतील ‘करून टाक’ सारखाच आहे. भारतातील भिन्न कुळांच्या भाषांत आढळणाऱ्या अशा समान लकबींकडे एम्. बी. एमेनो यांनी १९५६ मध्ये भारत हे एक भाषिक क्षेत्र असल्याची कल्पना मांडून लक्ष वेधले. हिंदीतील संयुक्त क्रियापदांवर पीटर एडविन हूक यांचा ग्रंथ १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. हिंदीच्या मानाने मराठीत रंजक क्रियापदांचा वापर कमी होतो, असे दिसून येते.

अर्थदर्शक क्रियापदे : यांचे वैशिष्ट्य असे, की ती कर्त्याची विभक्ती ठरवितात. ‘मी जाऊ शकतो’ यात कर्ता प्रथमान्त, ‘मला जाता येते’ व ‘मला जावे लागते’ यांत तो चतुर्थ्यन्त, तर ‘त्याने जाऊ नये’ यात तृतीयान्त आहे. ‘त्याने जायला पाहिजे’ या वाक्यात कर्तव्याचा, तर ‘त्याला जायला पाहिजे’ यात गरजेचा सूर अधिक उमटतो. या विभक्तींचे मूळ पुष्कळदा इतिहासात सापडते. ‘पाहिजे’ हे ‘पाहणे’ या धातूचे जुने कर्मणी रूप असून ‘करिजे’, ‘जाणिजे’ या प्राचीन मराठी रूपांच्या मालिकेतील आहे. ‘नये’ हे ‘न ये’, म्हणजे ‘येत नाही’, यापासून बनलेले आहे.

दोहोंचा संयोग : ‘शेतकऱ्याला बैलजोडी विकून टाकावी लागली’ या वाक्यात प्रथम मुख्य धातू, मग रंजक, मग अर्थदर्शक आणि शेवटी काळाचा प्रत्यय असा क्रम आहे. हा क्रम बदलत नाही. प्रत्येक पुढचा घटक आपल्या लगतच्या मागील घटकाचे रूप ठरवितो. रंजकापूर्वी मुख्य धातूचे ‘-ऊन’ रूप होते. रंजकाचे रूप ‘शकणे’ व ‘नये’ यांपूर्वी ‘टाकू’, ‘येणे’ यापूर्वी ‘टाकता’ आणि ‘लागणे’ यापूर्वी ‘टाकावे’ किंवा ‘टाकायला’ असे होते. इंग्रजीतील मांडणी याहून वेगळी आहे. तेथे ‘कॅन’, ‘मस्ट’, ‘मे’ ही अर्थदर्शक क्रियापदे मुख्य क्रियापदाच्या आधी येतात, तर ‘अप’, ‘ऑफ’, ‘आउट’ यांसारखी अव्यये त्याच्या नंतर जोडली जातात. ‘मस्ट गिव्ह अप’ म्हणजे ‘सोडून द्यायला पाहिजे’. इंग्रजीत मुख्य क्रियापद मध्यभागी असते, मराठीत ते अग्रभागी असते आणि छटा व आवश्यकता दोन्ही त्याच्या मागोमाग येतात. इंग्रजी अव्ययाचे काम मराठीत पुष्कळदा रंजक क्रियापद करते, म्हणून ‘अप’ साठी ‘वर’ असा शब्द शोधणारे भाषांतर फसते.

संयोगास काही मर्यादाही आहेत. ‘तो एका दिवसात पुस्तक वाचून टाकू शकतो’ या वाक्यात ‘शकणे’ सामर्थ्य दाखविते. ‘रागाच्या भरात तो काहीही बोलून जाऊ शकतो’ यात मात्र सामर्थ्य नसून संभव आहे, कारण नकळत घडणाऱ्या क्रियेचे कौशल्य संभवत नाही. त्याच कारणाने ‘बोलून बसायला पाहिजे’ ही रचना सहसा होत नाही, आणि ‘भलतेच करून बसू नकोस’ ही मनाई नसून सावधगिरीची सूचना ठरते. साध्या नकारात रंजक बहुधा गळून पडते : ‘पत्र वाचून टाकले’ याचा नकार ‘पत्र वाचले नाही’ असा होतो. निषेधात मात्र ते टिकते : ‘जुनी पत्रे फाडून टाकू नयेत’.

सातारा–सांगली भागातील बोली : या भागात ‘पाहिजे’ चे ‘पायजे’ आणि ‘नको’ चे ‘नगं’ असे उच्चार आढळतात, ‘टाकून देऊ नगंस’ अशी वाक्ये सहज ऐकू येतात. ‘लागणे’ या क्रियापदाचा येथील वापर विशेष लक्षणीय आहे. प्रमाण मराठीत ‘तो जेवायला लागला’ म्हणजे त्याने जेवण्यास आरंभ केला. सातारा, सांगली व कोल्हापूर या पट्ट्यात ‘त्यो जेवाय लागलाय’ याचा अर्थ ‘तो जेवत आहे’ असा होतो. ‘त्याला जाय लागतंय’ म्हणजे मात्र ‘त्याला जावे लागते’. येथे आरंभ, चालू क्रिया आणि सक्ती हे तिन्ही अर्थ एकाच धातूवर आलेले असून सक्तीचा अर्थ केवळ कर्त्याच्या विभक्तीमुळे वेगळा ओळखता येतो. या भागातील साक्षीदाराने ‘आम्ही ऊस तोडाय लागलो हुतो’ असे सांगितले, तर त्याच्या दृष्टीने तोडणी चालू होती. प्रमाण भाषेच्या सवयीने लिहून घेणारा ‘तोडणीस आरंभ केला होता’ असे लिहील, तर घटनेची वेळच बदलेल.

व्यवहारातील महत्त्व : भाषा संचालनालयाची स्थापना (१९६०) आणि महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ यांनंतर कायद्याची व प्रशासनाची मराठी घडत गेली. त्या भाषेत अधिकार आणि कर्तव्य यांतील भेद याच रूपांवर अवलंबून आहे. इंग्रजीतील ‘मे’ साठी ‘करता येईल’ व ‘शॅल’ साठी ‘करील’ अशी योजना रूढ झाली. ‘अधिकाऱ्यास परवाना काढून घेता येईल’ यात निर्णय त्याच्या विवेकावर सोपविलेला आहे. ‘अधिकारी परवाना काढून घेईल’ यात तसे करणे त्याच्यावर बंधनकारक आहे. नकारात हा भेद अधिक नाजूक होतो. ‘चौकशीशिवाय कर्मचाऱ्यास काढून टाकू नये’ या वाक्यातील ‘नये’ सल्ल्यापासून सक्त मनाईपर्यंत कोठेही बसू शकते. ‘काढून टाकता येणार नाही’ असे म्हटल्यास तसा अधिकारच नाही हे स्पष्ट होते. संविधानाच्या अनुच्छेद ३११ ने शासकीय सेवकांस, काही अपवाद वगळता, चौकशीशिवाय पदावरून दूर होण्यापासून जे संरक्षण दिले आहे, तशा स्वरूपाच्या तरतुदी मराठीत मांडताना दुसऱ्या प्रकारची निःसंदिग्ध रचनाच योग्य ठरते. त्याचप्रमाणे ‘शुल्क भरू नये’ आणि ‘शुल्क भरावे लागत नाही’ यांतील पहिले निषेध आणि दुसरे सवलत आहे. अर्ज, सूचना वा आदेश वाचणाऱ्या सामान्य नागरिकाचे हित पुष्कळदा वाक्याच्या शेवटी येणाऱ्या या लहानशा शब्दांवर अवलंबून असते.